एकट्याचा धोका कोणाचा?

गेल्या हिंवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी लडाखांत एकट्यानेंच भटकावयास जाण्यापूर्वीं भेटीस आला. घरीं सांगितलें आहेस काय, असें विचारतां तो म्हणाला, "उगीच काळजी करतील, सर. जीव माझा, धोकाहि माझाच." हें उत्तर वरवर पाहतां निरुत्तर करणारें आहे. ज्या कृत्याचा परिणाम कर्त्यापुरताच आहे त्यांत समाजानें हात घालूं नये, असें मिल्लनें १८५९ सालींच 'ऑन लिबर्टी' या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. परंतु कडाक्याच्या थंडींत एकट्यानें जाणें हें खरोखर त्या कोटींतलें कृत्य आहे काय?

१९३४ सालीं अमेरिकन नौदलांतील रिचर्ड बर्ड हा अंटार्क्टिकावर हवामानाचीं निरीक्षणें घेण्यासाठीं मुख्य तळापासून सुमारें १२३ मैलांवर, बर्फांत पुरलेल्या झोंपडींत एकटा राहिला. शेगडींतून व एंजिनांतून निघणाऱ्या विषारी वायूनें तो मरणाच्या दारीं पोंचला. तरी त्यानें बिनतारी संदेशांतून आपलें दुखणें कळविलें नाहीं. कळविल्यास सोबती ध्रुवप्रदेशांतील त्या दीर्घ रात्रींत आपणांस सोडविण्यास निघतील आणि त्यांचे प्राण संकटांत पडतील, हें तो जाणून होता. पण संदेश विस्कळित होऊं लागले, तळावर संशय आला, आणि दोनवार मागें फिरावें लागूनहि अखेर ऑगस्टांत तिघेजण त्याच्यापर्यंत पोंचले. बर्डचें मौन उदात्त होतें यांत शंका नाहीं. तथापि तें व्यर्थ ठरलें. हांक मारली नाहीं तरी माणसें येतातच. म्हणून एकट्याचा धोका एकट्याचा कधींच नसतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. शरीराची उष्णता ३७ अंशांवरून ३५ च्या खालीं उतरली कीं बुद्धि मंदावूं लागते. पुढें कांपरेंहि थांबतें, आणि कित्येक जण तर गोठत असतां अंगावरचे कपडे काढून टाकतात. नाकावर हिमदंशाचा पांढरा डाग पडतो तो बधिर असल्यामुळें स्वतःस कळत नाहीं. तो सोबत्यास दिसतो. ज्या विवेकाच्या भरंवशावर मनुष्य एकटा निघतो, तोच विवेक थंडी प्रथम हिरावून घेते. मोडका पूल ठाऊक नसलेल्या वाटसरूस अडविण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं, असें मिल्लच म्हणतो. गारठलेला मनुष्य असाच वाटसरू होय; फरक इतकाच कीं, तेथें अडविणारा दुसरा कोणी नसतो.

मग एकट्यानें जाऊंच नये काय? असें मी म्हणत नाहीं. परंतु अडविणाऱ्याचें काम त्यानें निघण्यापूर्वींच करून ठेवावें. कोठून व किती वाजतां मागें फिरावयाचें हें ऊबेंत बसून ठरवावें आणि तेथें पोंचल्यावर मन कांहींहि सांगो, तें पाळावें. घामानें कपडे भिजूं न देणें, सुकी जोडी जवळ बाळगणें, हीं पथ्यें त्यानंतरचीं.

विद्यार्थ्यानें माझें म्हणणें ऐकून घेतलें, आणि जातांना आपली वाट व परतण्याचा दिवस एका कागदावर लिहून तो माझ्या मेजावर ठेविला. तो दिवस उजाडून त्याचा निरोप येईपर्यंत माझें वाचनांत लक्ष लागलें नाहीं. पण ही काळजी त्यानें माझ्यावर लादली, असें मला वाटलें नाहीं. तिच्यांत माझा वाटा होताच. तो त्यानें मान्य केला, एवढेंच.