कललेली कमान

वेम्बली स्टेडियमची पांढरी कमान तुम्ही पाहिली असेलच. चांगली १३३ मीटर उंच. पन्नाशीत जलरंग शिकायला घेतल्यावर मी ती रंगवली, अगदी ताठ. मग बाजूने निरखून पाहिलं, तर ती चक्क कललेली! रोज जाता-येता दिसूनही हे कधी लक्षात आलं नव्हतं. नवशिका डोळ्यांपुढचं नाही, मनात पक्कं बसलेलं रंगवतो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो ना? देश सोडताना मनात ठेवलेली आई आपण व्हिडिओ कॉलवर शोधत राहतो. समोरची थकलेली आई पाहायची राहूनच जाते. चित्र बिघडलं तर दुसरा कागद घेता येतो. माणूस नीट पाहायचं राहून गेलं, तर?