सैतानाला सैनिक निर्माण करता येतील काय?

कोल्हापूर हे नाव एका असुराचे आहे, हे येथे राहणाऱ्यांनाही नेहमी आठवते असे नाही. करवीर माहात्म्यातील कथेप्रमाणे महालक्ष्मीने कोल्हासुराचा वध केला, तेव्हा या क्षेत्राला आपले नाव असावे, असा वर त्याने मरताना मागितला आणि देवीने तो दिला. त्याच्या पुत्राची, कामाक्षाची, कथा तर याहून विलक्षण आहे. योगदंडाच्या बळावर त्याने देवदेवतांना शेळ्यामेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड हस्तगत केला आणि सर्वांना पूर्वरूप दिले. नवरात्रातील पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तेथे कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून भाविकांची झुंबड उडते.

ही कथा आपल्या हिंदू बांधवांची. तिचा अर्थ लावण्याचा अधिकार मी सांगत नाही. मात्र त्यातील एक गोष्ट मला विचारात पाडते. कामाक्षाच्या जादूने नवे असे काहीच जन्माला आले नाही. जे होते तेच विद्रूप झाले, आणि जे विद्रूप झाले ते पुन्हा पूर्ववत होऊ शकले.

आपल्या घरांतील तरुण मुलांना याच जातीची दुसरी एक कथा ठाऊक आहे. जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रिखंडात्मक कादंबरी 1954 आणि 1955 या वर्षांत प्रसिद्ध झाली. 2001 ते 2003 या काळात तिच्यावर निघालेल्या चित्रपटांनी ती घरोघरी पोहोचली. तीत सारुमान नावाचा एक जादूगार आहे. मुळात तो भला होता. सत्तेच्या लोभाने फिरलेला हा सारुमान आपल्या गढीत एक नवे सैन्य पैदा करतो. ‘ऑर्क’ नावाची क्रूर जमात आधीपासून होती, पण तिला सूर्यप्रकाश सोसत नसे. सारुमानचे ‘उरुक-हाय’ भर उन्हात धावतात, थकत नाहीत. ढालींवर त्यांच्या धन्याचा पांढरा पंजा असतो. रानाचा वृद्ध रखवालदार ट्रीबिअर्ड त्यांच्याविषयी विचारतो, की सारुमानने माणसे नासवून हे केले, की माणूस आणि ऑर्क यांचा संकर घडविला? आणि त्या नुसत्या शक्यतेनेच तो संतापतो.

टोल्किन श्रद्धावान कॅथलिक होते. त्यांच्या आईने 1900 साली कॅथलिक पंथ स्वीकारला. 1904 मध्ये ती वारल्यावर बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी या मुलाचे पालकत्व सांभाळले. साहजिकच ट्रीबिअर्डचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ कथेपुरता नव्हता. संत ऑगस्टीन शिकवितात, की वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही. चांगल्याचा अभाव, त्याची झीज, म्हणजे वाईट. निर्माता एकच आहे आणि त्याने केलेले सर्व ‘फार चांगले’ आहे, असे उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो. मग दुष्टाला सैन्य निर्माण कसे करता येईल? ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने अशाच शंका लिहून पाठविल्या, तेव्हा 1954 मध्ये टोल्किन यांनी लांबलचक उत्तराचा मसुदा तयार केला. तो त्यांनी पाठविला मात्र नाही. दुष्टाला निर्मिती करता येत नाही, तो केवळ विटंबना करू शकतो, हा त्यांचा आधार होता. पण मग ऑर्क मुळात कोण? कधी त्यांनी त्यांना छळाने भ्रष्ट केलेले एल्फ म्हटले, कधी माणसे, कधी बोलके पशू. 1973 मध्ये ते वारले, तोवर हा प्रश्न त्यांच्याकडून सुटला नाही.

तो सुटणे कठीणच होते, कारण ऑर्क बोलतात. दुसऱ्या खंडाच्या शेवटी शाग्रात आणि गोर्बाग हे दोन ऑर्क नायक वरिष्ठांच्या जाचाबद्दल कुरकुरतात. लढाई संपली की चार विश्वासू गडी घेऊन, जेथे कोणी मोठा साहेब नाही अशा ठिकाणी निघून जावे, असा बेत करतात. साथीदाराला टाकून जाणे त्यांना निंद्य वाटते. स्वतःचा एक साथीदार कोळिणीच्या जाळ्यात लटकलेला पाहून मात्र ते हसत निघून आलेले असतात. हे किती माणसासारखे आहे! ज्याला निंद्य काय ते कळते त्याला विवेक आहे, आणि विवेक असेल तर पश्चात्तापाची वाटही असलीच पाहिजे. तरीही हेल्म्स डीपच्या लढाईनंतर सारुमानच्या बाजूने लढलेल्या डोंगरी माणसांना शपथ घेऊन घरी जाऊ दिले जाते आणि ऑर्क मात्र एकही जिवंत उरत नाही. येथे लेखकाची श्रद्धा एकीकडे आणि वीरकथेची गरज दुसरीकडे ओढते, असे मला वाटते. युद्धकथेला असा शत्रू हवा असतो, ज्याच्या मरणाचा हिशेब द्यावा लागत नाही. चित्रपटाने तर उरुक-हायना चिखलातून उकरून काढलेले दाखविले. चिखलातून आलेल्याला आई नसते, म्हणजे विचारणारेही कोणी नाही!

ही केवळ गोष्टीतली सोय नाही. 1871 साली इंग्रज सरकारने आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींचे मूल जन्मतःच संशयित ठरले. पोलिसांत नोंद, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. पुढे तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीही आल्या. अशा काही वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी पाहिला. हेतू सुधारणेचा होता हे मान्य; पण आत राहणाऱ्याला कुंपण ते कुंपणच.

आणि येथे पुन्हा कोल्हापूरकडे यावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरील हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी आसरा दिला, काम दिले, एवढेच नव्हे तर त्यांना पहाऱ्यावर नेमले. ज्यांना जग चोर म्हणत होते त्यांच्या हाती राखण सोपविताना दरबारातील शहाण्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. ब्रिटिश मुलखातील माणसांना मात्र थांबावे लागले. तो कायदा देशभरातून रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी.

टोल्किनच्या ऑर्काला स्वतःची कथा सांगण्याची संधी मिळाली नाही. आपल्याकडे ती मिळाली. जिच्या माथी चोरीचा शिक्का मारला गेला, त्या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन लिहिले. 1987 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचून मिटले, तरी दारात अनोळखी पारधी बाई उभी राहिली की आपला हात आधी कडीकडे जातो.

सोलापुरात अशीच एक मोठी वसाहत होती. कुंपण केव्हाच गेले, पण तो भाग अजूनही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. कोल्हासुराने आपले नाव गावाला मागून घेतले होते; सोलापूरच्या या लोकांना हे नाव हवे आहे काय, असे कोणी कधी विचारले नव्हते.