लाल ठिपके

बस. मोबाईल उलटा ठेव आणि मी थांबेपर्यंत बोलू नकोस.

काल तू मोठ्या हौसेनं लॅपटॉप उघडलास. वणीची पतसंस्था, पुसदचं कृषी केंद्र, राळेगाव आणि पांढरकवड्याच्या जिनिंगा, सगळे कॉम्प्युटर एका पडद्यावर. "सर, आता उमरखेडला एसटीनं जावं लागत नाही." तू सांगत होतास आणि मी नावांपुढचे लाल ठिपके मोजत होतो. तुझी नजर त्यांच्यावर एकदाही थांबली नाही. लाल ठिपका म्हणजे अपडेट राहिलेलं, हे तुला मीच शिकवलं ना? किती दिवसांचं, असं विचारलं तर म्हणालास, सीझन आहे, मालक काट्यावरचा कॉम्प्युटर बंद करू देत नाहीत.

रात्री काटा चालतो का? मालकाला सांग, आज यंत्र चालू ठेवून घरी जा, आणि पहाटे दोनची वेळ लावून दे. एवढ्यासाठीच तर दुरून यंत्रं सांभाळणारं हे सॉफ्टवेअर घेतलंस. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भगदाडाची दुरुस्ती दिली होती. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय त्याच भगदाडातून १२ मेला घुसला. हातात जवळजवळ दोन महिने होते. तेव्हा ज्यांनी ते घालवले, तेही कामाच्याच घाईत होते.

"अपडेटनंच यंत्र पडलं तर?" हा प्रश्न मात्र बरोबर विचारलास. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं पडली. म्हणून आधी एका यंत्रावर चढवायचं, दोन दिवस पाहायचं, मग बाकीच्यांवर. त्या भीतीनं अपडेटच थांबवणं म्हणजे अळी दिसेल म्हणून बोंड न उघडणं.

आता पासवर्ड. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच, आणि तुझ्या स्वतःच्या मुख्य खात्यालाही तोच! मोबाईलवर कोड येण्याची सोय बंद केलीस, कारण रेंज नसते. अरे, कोड देणारं ॲप रेंजशिवाय चालतं, हे तुला ठाऊक नाही? २ जुलै २०२१ ला कासेया कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून खंडणीखोर शिरले. दुसऱ्यांची यंत्रं दुरून सांभाळणारे तुझ्यासारखे लोक ते वापरत होते. ज्या वाटेनं दुरुस्ती जायची त्याच वाटेनं कुलूप गेलं, आणि आठशे ते दीड हजार छोटे धंदे अडकले. त्यांनी स्वतः कुठलीही चुकीची लिंक उघडली नव्हती. तुझं खातं गेलं तर वणीपासून उमरखेडपर्यंत सगळे एका रात्रीत जातील.

लांब कशाला जायचं? आपल्याच आर्णी तालुक्यातली शेंदुरसनी. दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी प्रणालीत त्याच्या नावावर २०२५ मध्ये सत्तावीस हजारांहून जास्त जन्मनोंदी सापडल्या. दोष कुणाचा ते तपास ठरवील. मला त्यात एवढं दिसतं, की पडद्यावर गावाच्या नावानं काहीही नोंदलं जाऊ शकतं आणि गावाला पत्ता लागत नाही. चालू राहिलेल्या खात्यातूनही असंच होऊ शकतं, म्हणून विचारतो, जिनिंगमधून दिवाळीत काम सोडून गेलेल्या दिवाणजीचं खातं अजून चालू का आहे? माणूस गेला त्या संध्याकाळी खातं बंद व्हायला हवं होतं. तिथं नुसती टॅली नाही. शेतकऱ्यांच्या पासबुकांच्या झेरॉक्स आहेत, आधार आहेत, चुकाऱ्याची यादी आहे. कापसाच्या गाडीवर रात्र काढलेल्या माणसाचा चुकारा तुझ्या आळसापायी अडला, तर त्याच्यासमोर उभा राहशील का?

आणि ज्या गोष्टीनं मला रात्रभर झोप लागली नाही, ती तू हसत सांगितलीस. एका दुकानाच्या फायली कुलूपबंद झाल्या, पडद्यावर पैशांची मागणी आली, आणि तू यंत्र फॉरमॅट मारून मोकळा झालास. कुणाला सांगितलं नाहीस. चोर कुठून आला हे कळायची एकमेव वाट तू स्वतःच्या हातानं पुसलीस. नेटची केबल काढायची, यंत्र तसंच ठेवायचं, १९३० वर फोन करायचा. सर्ट-इन या सरकारी संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, सहा तासांत कळवा. बॅकअप होता म्हणतोस. तो त्याच यंत्राच्या डी ड्राइव्हमध्ये होता, तोही गेला. बॅकअप घेतला की डिस्क काढून कपाटात, हे वाक्य मी वर्गात किती वेळा लिहून घेतलं?

तुझ्याकडे मुंबई-पुण्याची नोकरी होती. ती सोडून जिल्ह्यात राहिलास, याचा मला अभिमान वाटतो, आणि म्हणूनच आज तुला सोडणार नाही. या गावांना दुसरा माणूस नाही. शहरातली कंपनी दिग्रसच्या दुकानाचा फोन उचलणार नाही.

उघड लॅपटॉप. आधी दिवाणजीचं खातं बंद कर. मग तुझा पासवर्ड, मग कोडाची सोय. ते झालं की त्या दुकानदाराला फोन लाव आणि काय घडलं होतं ते खरं सांग. मी इथंच बसलोय.