बाबिलोनच्या काठचे झाड

सीताबर्डीहून दक्षिणेस निघाले की नाग नदीवरचा पूल लागतो. तेथे आम्हांस एकशे सदतिसावे स्तोत्र आठवते. बंदिवान यहुदी बाबिलोनच्या नद्यांकाठी रडत बसले, वीणा त्यांनी झाडांवर टांगल्या आणि परक्या भूमीत प्रभूचे गीत कसे गावे, असे विचारले.

ते झाड कोणते? युरोपातील जुन्या भाषांतरांनी त्यास विलो म्हटले. त्याच समजुतीने लिनियसने १७५३ साली लोंबत्या फांद्यांच्या विलोस बाबिलोनचे नाव दिले. ते झाड मूळचे चीनचे! स्तोत्रातील झाड फरात नदीकाठचे पॉप्लर असावे, असे आता अभ्यासक मानतात. (तेही विलोच्याच कुळातले, एवढी सूट लिनियसला द्यावी.)

आपल्या मातीचा विलो म्हणजे वाळुंज, संस्कृतातला जलवेतस. नदी-ओढ्यांच्या काठी ओलाव्यात तो वाढतो आणि मुळांनी काठ धरून ठेवतो. नर व मादी झाडे वेगळी. बी पांढऱ्या तंतूंवर वाऱ्याने उडते, पण त्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे. तेवढ्यात ओली, उघडी माती मिळाली तर रुजते. सिमेंटने बांधलेल्या काठावर पडलेल्या बीजाचे काय होते, ते सांगावयास नको. मात्र तोडलेली फांदी चिखलात खोचली, तरी मूळ धरते.

नागपूरच्या आपल्या ख्रिस्तसभेत केरळ, गोवा, छोटा नागपूर येथून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. दोन पिढ्या लोटल्या तरी ‘आमचे गाव’ म्हणजे दुसरेच. हे दुःख खोटे नव्हे; स्तोत्राने त्यास प्रार्थनेचे स्थान दिले आहे. पण त्याच बंदिवानांना यिर्मयाने पत्र धाडले (अध्याय २९): घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेले गेलात त्याचे हित पाहा. मग कोणते वचन पाळावे? आम्ही प्रवचनांतून पुष्कळ वर्षे पहिल्याकडेच झुकत होतो. आता तसे वाटत नाही. माहेर आठवते म्हणून सुनेने सासरच्या विहिरीत केर टाकावा, असे कोण म्हणेल? नाग नदीत मात्र आपण सर्वांनी तेच केले. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. कोणाचे मूळ गाव कोणते, हे त्याने विचारले नाही.

येत्या पावसाळ्यात, माती अजून उघडी आहे अशा एखाद्या ओढ्याकाठी, युवकांसह वाळुंजाच्या काही फांद्या खोचाव्यात, असे आमच्या मनात आहे. फांद्या कोठून आणाव्या, याची चौकशी चालू आहे.