अठरा वर्षांचा यतीम

यतीमाच्या डोक्यावरून हात फिरवण्याचा सवाब आपल्या समाजात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रमजानमध्ये यतीमखान्यांकडे जकात जाते, ईदला नवे कपडे जातात. पण त्याच मुलाला मिसरूड फुटले की हात आखडतो. लहान अनाथाची आपल्याला दया येते, मोठ्या अनाथाची शंका येते. मग आपले कर्तव्य नेमके कोठे संपते?

कायद्याने रेषा आखली आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते. २०१५च्या बाल न्याय अधिनियमात त्यापुढे २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय आहे; अपवाद म्हणून २३ पर्यंत. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात व सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमामुळे विद्यावेतन घेऊन कारखान्यात काम शिकता येते. हे सर्व हवेच.

शरियतही बालिग झालेल्याला यतीम मानत नाही. मात्र सूरह निसामध्ये पालकांना ताकीद आहे की यतीमांना पारखत राहा, ते लग्नाच्या वयाला आले आणि त्यांच्यात समज दिसली, तर त्यांचे धन त्यांच्या हवाली करा. म्हणजे नुसते वय पुरेसे नाही, समजही हवी. आणि पारखायचे तर जवळ कोणीतरी असावे लागते. बालगृहातून निघणाऱ्या बहुतेकांकडे धन नसतेच. हातातला हुनर हेच त्यांचे धन.

आमच्या मांजरीत ऊस आणि द्राक्षांच्या संशोधनसंस्था आहेत, तशी रस्त्याकडेला गॅरेजे आणि वेल्डिंगची दुकानेही आहेत. गॅरेजात काम शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात. घरचा पोरगा काम बिघडवतो, बोलणी खातो, रुसून घरी जातो. आई जेवू घालते आणि सकाळी तो पुन्हा कामावर येतो. बालगृहातून आलेल्याने रुसून कोठे जायचे? काम सुटले की खोलीही सुटते. चुकण्याची जी सवड आपल्या प्रत्येक मुलाला फुकट मिळते, ती त्याला कोणत्याच योजनेत मिळत नाही.

‘जन्मभर पोसायचे का?’ असे कोणी विचारील. नाही. पोसणे वेगळे, पाठीशी उभे राहणे वेगळे. चहा आणायला आणि झाडू मारायला ठेवलेला मुलगा शागीर्द नव्हे, तो स्वस्तातला नोकर. मुलीच्या बाबतीत तर आपण निकाह लावून मोकळे होतो. तिच्या हाती काही हुनर आहे का, हे विचारतही नाही.

जकातीच्या हकदारांत गरजवंत आहे, त्याचे वय लिहिलेले नाही. ज्यांचे स्वतःचे गॅरेज, बेकरी किंवा शिलाईचे दुकान आहे, त्यांनी अशा एकाला तरी रीतसर काम शिकवावे, राहायला जागा मिळवून द्यावी आणि ईदच्या दिवशी घरी जेवायला बोलवावे.