मुलांची सुट्टी आणि पालकांची फलासक्ती

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण जवळजवळ काहीच बोलत नाहीत, ही गोष्ट नित्य पाठ करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करावा, असे अर्जुन सांगतो. भगवान रथ उभा करतात, समोर जमलेल्या कुरूंकडे दृष्टी टाकण्यास सांगतात आणि पुढे अर्जुनाचा सारा विलाप निमूटपणे ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत थोडी कानउघाडणी आहे खरी. परंतु सातव्या श्लोकात अर्जुन शिष्यभावाने शरण येतो, तेव्हाच उपदेशाचा ओघ सुरू होतो. जगद्गुरू शिष्याने विचारीपर्यंत थांबला. आपण आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी किती थांबतो?

वार्षिक परीक्षा आटोपली न आटोपली तोच घरोघरी उन्हाळी वर्गांचे अर्ज येऊन पडतात. चित्रकला, बुद्धिबळ, पोहणे, हस्ताक्षर, जलद गणित, आणि आपल्यासारख्या आस्तिक कुटुंबांसाठी संस्कारवर्ग व गीतापाठांतर. सकाळी एक, दुपारी दुसरा. हे सर्व त्याज्य आहे असे माझे म्हणणे नाही. दोन खोल्यांचे घर, आईवडील दोघेही कामावर, अंगण नाही, आजोळ दूर; अशा मुलाने दिवसभर भ्रमणध्वनीच्या काचेला डोळे लावून बसावे, त्यापेक्षा चार मुलांत मिसळून मातीचा गणपती करावा हे केव्हाही बरे. प्रश्न वर्गाचा नाही. त्या वर्गात मुलाला धाडणाऱ्या मनाचा आहे.

हे मी दुसऱ्यांना शिकविण्यासाठी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या सात वर्षांच्या नातवाला मीच पाठांतराच्या वर्गात घातले. पंधरावा अध्याय वीस श्लोकांचा. महिनाभरात त्याने तो बिनचूक म्हटला. मी त्याचे ध्वनिमुद्रण करून नातलगांना पाठविले. एवढ्यावर थांबलो असतो तर ते आजोबांचे कौतुक ठरले असते. परंतु शेजारच्या मुलाचा बारावा अध्याय अजून अर्धाच झाला आहे, हेही मी त्याच दमात कळविले. अनासक्तीच्या ग्रंथाचे पाठांतर मी शर्यतीस लावले होते, आणि त्याची मला लाजही वाटली नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही काशीस गेलो. नारदघाटाशेजारी राजाघाट आहे. त्याचेच जुने नाव अमृतराव घाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचे हे नाव. 1802 साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, दुसरे बाजीराव निघून गेले, तेव्हा अमृतरावांचे पुत्र विनायकराव यांना पेशवाईच्या गादीवर बसविण्याचा बेत झाला. पुढे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाने परतले, बेत विरला, आणि अमृतराव सालीना सात लक्षांची नेमणूक घेऊन काशीवासी झाले. 1824 साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्या पायऱ्यांवर बसलो असता सहज मनात आले की, गादीसाठी विनायकरावांचे नाव पुढे करणाऱ्यांपैकी कोणी त्यांना त्यांची इच्छा विचारली असेल काय? राजकारणात असे कोण विचारतो! पण घरातही आपण कोठे विचारतो?

घाटाच्या उंच दगडी भिंतीच्या सांध्यांतून पिंपळ उगवलेले असतात. त्यांतील एक माझ्या नातवाने पाहिला. त्याची मुळे वर, दगडाला घट्ट धरून पसरलेली. आणि फांद्या खाली आमच्या अंगावर झुकलेल्या. बराच वेळ तो मान वर करून उभा होता. मग म्हणाला, ‘‘आजोबा, ह्याची मुळं आपल्या डोक्यावर आहेत. पंधराव्या अध्यायातलं झाड हेच का हो?’’

वर्गातल्या महिन्याभरात त्याने विचारलेला असा एकही प्रश्न मला आठवेना. मला अपार आनंद झाला आणि त्या आनंदात मी चुकलो. अश्वत्थ म्हणजे संसारवृक्ष, मूळ म्हणजे परब्रह्म, वैराग्य म्हणजे शस्त्र, असे सारे भाष्य मी एका दमात सांगू लागलो. मी मायेपर्यंत पोचलो तेव्हा तो खाली एका नावाड्याच्या मुलाजवळ बसून दोर कसा बांधतात ते पाहत होता. प्रश्न एका ओळीचा होता. मी त्याला ग्रंथ दिला.

मुलाने विचारीपर्यंत थांबावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 साली बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील; स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या चिंतेतून ते माँटेसरीबाईंच्या विचारांकडे वळले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. 1945 साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, हीच अंगणवाडी. जी मुले गुरे राखीत त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. विदेशी महागडी साधने कोठून आणावयाची? शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांवर मुले मोजू लागली, रंग ओळखू लागली. ‘अंगणवाडी’ हा शब्द 1975 नंतर सरकारी योजनेतून देशभर झाला. परंतु त्यामागचा विनय आपण विसरलो. मूल जेथे आहे तेथे शिक्षकाने जावे, हा तो विनय. आजचे पालक त्याच्या अगदी उलट, स्वतः जेथे पोचू शकले नाहीत तेथे मुलाला पाठवितात.

येथे कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की अर्जुन प्रौढ वीर होता. सात वर्षांच्या मुलाला आपले हित काय कळते? त्याच्या इच्छेवर सोडले तर ते खाऊ आणि खेळ एवढेच मागेल. आरंभी विषासारखे वाटणारे व अंती अमृतासमान होणारे सुख ते सात्त्विक, असे अठराव्या अध्यायाच्या सदतिसाव्या श्लोकात भगवंतांनीच सांगितले आहे. मग थोडी सक्ती का नको? ही शंका मी हलकी मानीत नाही. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून तो सोडून देणे ही स्वतंत्रता नव्हे. बाराखडी, पाढे, लवकर उठणे, वडिलांचा मान ठेवणे, यांत मुलाचे मत घेत बसण्याचे कारण नाही. पण तो कडू घोट त्याच्या प्रकृतीसाठी आहे की आपल्या प्रतिष्ठेसाठी, हे निवडावे लागते; आणि प्रामाणिकपणे पाहिल्यास ते निवडणे मुळीच कठीण नाही. त्याला काही आले नाही म्हणून आपण दुःखी होतो, की ते चारचौघांना कळले म्हणून? मुलगा आपल्या कर्तव्याचा विषय आहे. आपण त्याला आपल्या कर्माचे फळ मानून बसतो, आणि फळ तर आपल्या अधिकारातले नाही असे दररोज सकाळी म्हणतो.

शिवाय इतका उपदेश करून झाल्यावर त्रेसष्टाव्या श्लोकात भगवान अर्जुनाला काय सांगतात? पूर्ण विचार करून तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असे. युद्ध तोंडावर आले असता गुरूने दिलेली ही मोकळीक आहे.

यंदाही सूनबाईंनी उन्हाळी वर्गाचा अर्ज आणून देवघराच्या कोनाड्यात ठेवला आहे. तुला जायचे आहे का, असे नातवाला विचारावे म्हणून मी दोनदा त्याला हाक मारली आणि दोन्ही वेळा दुसरेच काही बोललो. माझ्या विचारण्याच्या स्वरातच त्याला हवे ते उत्तर ऐकू जाईल, अशी मला भीती वाटते.