कारण माठात आहे



२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून आपला हक्क बजावला. तरी तान्ह्या बाळाला हगवण लागली की आपण आजही दृष्ट काढतो, अंगारा लावतो! माझ्या वर्गातील एका मुलीचा भाऊ असाच गेला.

प्रत्येक दुःखाला कारण असते, हे तथागतांनी सांगितले. इथे ते उघड्या माठात आहे. पाणी उकळा, झाका, ओगराळ्याने घ्या. हात साबणाने धुवा. हगवण लागताच लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. अंगावरचे दूध तोडू नका, दवाखाना गाठा.

प्राणिहिंसा न करण्याचे शील घेतलेल्या घरात बाळाचा जीव जपणे हेच पहिले कर्तव्य होय.